साठ गाड्या काळी माती

२ नोव्हेंबर १९३४, पाथरी

आज शुक्रवार, अदालतीला सुट्टी. क्लबात कमिटी बसली. विषय एकच, टेनिस कोर्ट. जिल्ह्याचे अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे इंग्रजी मुलखातले कलेक्टर, जानेवारीत दौऱ्यावर येणार आणि त्यांना टेनिसचं लय वेड. ज्या गावी जातात तिथं मोटारीतून आधी रॅकेट उतरते, मग साहेब उतरतात. इकडं सरकारी वकिलाची जागा एप्रिलात रिकामी होतेय. शिफारस साहेबांनीच करायची. क्लबाचा सेक्रेटरी मी. कोर्ट मी बांधणार, साहेब त्यावर खेळणार, जागा मला मिळणार. यात समजायला अवघड काही नाही. माझं वय अठ्ठेचाळीस. पुन्हा ही जागा निघेल तेव्हा मी काठी टेकत असेन.

मी बोलायला उभा राहणार तोच बन्सीधर उठला. हा गावातला दुसरा वकील. हैदराबादेत शिकून आलेला, वय सदतीस, आणि मला भर कमिटीत 'काका' म्हणतो. म्हणाला, क्लबामागची जागा मुळातच मुरमाड आहे, त्यावर पांढरी माती टाकून माळवदासारखी चोपून घेतली की कोर्ट तयार. धुरपताबाईला बोलवा म्हणाला. धुरपताबाई म्हणजे गावातल्या घरांची माळवदं, मातीची धाबी, चोपणारी बाई. म्हणजे तालुकदारसाहेबांनी लोकांच्या छपरावर खेळायचं. त्याच क्षणी ठरवलं, मुरूम नाही म्हणजे नाही.

मी मुद्दा मांडला. मुरूम कुठं असतो? माळावर. माळावर काय उगवतं? कुसळं. आपल्या तालुक्याचं नाव कशामुळं? काळीमुळं. ज्या मातीत असला कापूस येतो ती एक नंबरची माती. साहेबांना एक नंबर सोडून दुसरं का द्यायचं? तहसीलदारसाहेबांनी जांभई दिली. ती मी संमती धरली आणि मिनिट्समध्ये तसं लिहिलं.

बन्सीधर हसला. हसू दे.

५ नोव्हेंबर

सटवाजीला, क्लबाच्या माळ्याला, बेत समजावून सांगितला. अर्धा तास घालवला. त्यानं तंबाखू मळली, खाल्ली, थुंकला आणि म्हणाला, काळी पिकवायची असती साहेब, पांढरी राहायची. गाव कुनी काळीत वसवलंय का? मी म्हणालो, इथं कुणाला राहायचं नाही, खेळायचंय. तर म्हणाला, राहवत न्हाई तिथं खेळवंल कसं.

याला काय उत्तर द्यायचं? मुंबईच्या एका कंपनीचं टेनिसच्या सामानाचं इंग्रजी कॅटलॉग माझ्याकडे आहे. त्यात जमिनीवर अख्खं दीड पान आहे. ते मी दोनदा वाचलंय. सटवाजीला आपलं नाव वाचता येत नाही. तरी तो मला शिकवायलाय. माळ्याला फार डोक्यावर बसवलं की असं होतं.

९ नोव्हेंबर

काम सुरू. क्लबामागचा मुरूम हातभर खोल उकरून काढला. त्यात आप्पारावांच्या मळ्यातली काळी माती, साठ गाड्या. आप्पारावांचा बांधाचा दावा माझ्याकडं आहे, नाही कसे म्हणतील? तरी तोंड वाकडं केलंच.

काढलेला मुरूम बन्सीधर मागत होता, आपल्या परसात टाकायला. मी म्हणालो, ने. गावात कचरा उचलणारा कुणी तरी लागतोच. चिडला नाही. चिडायला हवा होता.

१८ नोव्हेंबर

रस्त्याच्या कामाचा दगडी रोलर आणून चार दिवस फिरवला. दोन बैल, एक सटवाजी, त्याच्या मागं मी. माती अजून पावसाळ्याची ओल धरून होती, दबत गेली, दबत गेली, आणि आज काय दिसतंय म्हणून सांगू. घोटलेल्या दगडी पाटीसारखं. मी स्वतः जोडे काढून अनवाणी फिरलो. तळव्याला गार लागलं. आयुष्यात फार थोड्या गोष्टी माझ्या मनासारख्या झाल्या, त्यातली ही एक.

संध्याकाळी आमच्या सौ. कमलबाईंना मुद्दाम दाखवायला नेलं. त्यांनी पदर सावरून नीट पाहिलं. म्हणाल्या, छान झालंय हो, मग हरभरा कधी पेरायचा?

परत येताना चार पावलं पुढं चाललो.

२९ नोव्हेंबर

कोर्टाच्या कोपऱ्यात फरशी बसवली. उर्दूत आणि मराठीत कोरून घेतलं: हे कोर्ट क्लबाचे सेक्रेटरी दिनकरराव वकील यांनी स्वतःच्या योजनेने व देखरेखीखाली बांधले. बन्सीधरनं वाचलं. कमिटीचं नाव राहिलं वाटतं काका, म्हणाला. मी म्हणालो, फरशी लहान होती.

६ डिसेंबर

कोर्टावर पहिला खेळ. तहसीलदारसाहेब विरुद्ध मुन्सफसाहेब. मी खुर्चीत. तहसीलदारांनी बॉल टाकला. बॉल पडला आणि पडूनच राहिला. पुन्हा टाकला. वीतभर उडाला. मुन्सफसाहेब गुडघ्यात वाकून वाकून खेळले आणि तिसऱ्या गेमला कमर धरून बसले.

बॉल खराब आहेत. मुंबईला कडक पत्र लिहिलं. शिवाय फार उडणारा बॉल काही चांगला नव्हे, उडाणटप्पूपणा तो. हे मुन्सफसाहेबांना समजावायला गेलो तर त्यांनी उद्याच्या माझ्या दाव्याची तारीख पुढं ढकलली.

१२ डिसेंबर

रमजान चालू. तहसीलदारसाहेबांचा रोजा. मी विसरून चहा विचारला. तेव्हापासून ते माझ्याकडं बघत नाहीत. मुद्दाम विचारल्यासारखं वाटलं असेल. लोकांना माझ्याबद्दल वाईटच वाटायची सवय लागलीय.

निश्चय: (१) साहेब माझ्याशीही दोन बॉल खेळतील, तेव्हा खेळ आला पाहिजे. रोज पहाटे पाचला उठून भिंतीवर सराव. (२) भात बंद. (३) बन्सीधरशी बोलणं बंद.

१३ डिसेंबर

उठलो पावणेनऊला. थंडी फार होती. भात खाल्ला, थंडीत शरीराला लागतो. बन्सीधर समोरून आला, बोलावं लागलं.

१९ डिसेंबर

सराव केला. चौथ्या फटक्याला पाठीत चमक. सौ.नं शेक दिला. शेक देताना हसत होती, पाठ तिच्याकडं होती तरी मला कळलं.

टेनिस खेळणं वेगळं आणि टेनिस समजणं वेगळं. मी दुसऱ्यात आहे.

३ जानेवारी १९३५

कोर्टाच्या मधोमध केसाएवढी रेघ दिसली. सटवाजीनं दाखवली. त्याला असल्या गोष्टी बरोबर दिसतात, क्यारीतलं तण मात्र दिसत नाही. मी म्हणालो, थंडीनं ओठ फुटतात का नाही? मग? म्हणाला, ओठाला लोनी लावतेत.

८ जानेवारी

पत्र आलं. साहेबांचा दौरा पुढं ढकलला, आता २२ फेब्रुवारीला येणार. उत्तम. कोर्ट आणखी मुरेल.

१४ जानेवारी

संक्रांत. बन्सीधर घरी आला, तिळगूळ दिला, वाकून पाया पडला. मी दिला नाही. तिळगूळ खाऊन याच्याशी गोड बोलणं माझ्या जिभेला जमणार नाही. सौ.नं मात्र त्याला ओंजळभर दिला, वर लाडू दिले, वर थांबवून चहा. त्याच्या परसात धुरपताबाई कामाला आहे, असं सौ.च्या बोलण्यात आलं. तोच कचरा, आपला मुरूम, अंथरून वर पांढरी चोपायलेत म्हणे. पाणी शिंपडायचं, चोपायचं, सुकू द्यायचं, पुन्हा चोपायचं. आठ बाया ओळीनं बसून गाणी म्हणत चोपतात, सौ. सांगत होती, जणू लग्नघरचं वर्णन.

गाणी म्हणून कुठं कोर्ट होतं का.

२७ जानेवारी

भेगा वाढल्या. लपवून काय उपयोग, ही वही माझीच आहे. आज तहसीलदारसाहेबांचा बॉल एका भेगेत गेला. सटवाजीनं हात घातला, कोपरापर्यंत गेला. बॉल सापडला नाही, एक उंदीर निघाला. तहसीलदारसाहेब म्हणाले, गेम कुणाचा धरायचा? सगळे हसले. मीही हसलो, सेक्रेटरीनं हसलं पाहिजे.

घरी येऊन ताट ढकललं. भूक नव्हती. मग लागली.

३ फेब्रुवारी

उपाय सापडला. चुन्याच्या रेघा भेगांवरून आखल्या. बहुतेक भेगा जवळजवळ सरळच आहेत. कोर्ट जरा तिरकं दिसतं, एक बाजू दुसरीपेक्षा चार हात लांब आहे, पण भेग दिसत नाही. निसर्गाला विरोध करू नये, असं थोर लोक सांगून गेलेत.

सटवाजीला विचारलं, कसं दिसतंय? म्हणाला, वाटन्या झाल्यावानी.

१० फेब्रुवारी

धुरपताबाई आली. मी बोलावलं नव्हतं. सटवाजीनं बोलावलं असणार, नाही तर सौ.नं. दोघांचा संशय आहे. साठीची बाई, हाताला कोपरापर्यंत पांढरी माती वाळलेली. कोर्टाभोवती एक फेरी मारली, खाली बसून भेगेत काडी घातली, काडी बुडाली. मग माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मालक, काळी पानी प्याली की फुगती, उन्हात तापली की फाटती. तिचा सोभावच हाय. त्याला तुमी काय करनार, मी काय करनार? बारा दिस हायेत. काळी उपसा, मुरूम परत टाका. बन्सीधर वकिलाकडं उरलेला हाय, द्यायला तयार हाय ते. आठ बाया लावते. बाराव्या दिशी तुमचा साहेब नाचला तरी खाली टाच उमटायची न्हाई."

खरं लिहितो. क्षणभर मन डळमळलं. बारा दिवस होते. बाईचा आवाजही खात्रीचा होता, तिला माझ्याकडून काही नको होतं. पण मुरूम कुणाचा? बन्सीधरचा. म्हणजे साहेब खेळणार बन्सीधरच्या मुरमावर, आणि गावभर होणार, काकांचं कोर्ट पुतण्यानं वाचवलं. सरकारी वकिलाची शिफारस मग कुणाची? मी म्हणालो, बाई, तुमी छपरं बघा, जमिनीचं आम्ही बघतो.

जाताना फरशीवरची धूळ पदरानं पुसून गेली.

१२ फेब्रुवारी

सौ. जेवताना म्हणाली, अहो, ऐका तिचं. आपलं माळवद तिनं वीस वर्षं राखलंय, एक थेंब गळला नाही. मी म्हणालो, छप्पर आणि टेनिस यांतला फरक ज्या बाईला कळत नाही तिनं बोलू नये. म्हणाली, फरक एवढाच की छपराखाली आपण राहतो, म्हणून तिथं तुम्ही तिचं ऐकता.

घरातच शत्रू असल्यावर बाहेरच्यांना काय बोलायचं. आजपासून ओसरीवर जेवणार.

१३ फेब्रुवारी

ओसरीवर माशा फार. आत जेवलो.

१९ फेब्रुवारी

तीन दिवस उरले. भेगांत आता मूठ जाते. काल रात्रभर डोळा लागला नाही आणि पहाटे एकदम सुचलं. काळी पाणी प्याली की फुगते, असं ती बाईच म्हणाली होती. फुगली की भेगा मिटणार. मग पाजू या पाणी. अडाणी माणसाला आपण काय बोललो ते कळत नाही, ते कळायला शिकलेला माणूस लागतो.

क्लबाच्या विहिरीवर मोट लावली. दिवसभर पाणी कोर्टात सोडलं. माती पीत राहिली, पीत राहिली. संध्याकाळी भेगा मिटायला लागल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सटवाजी बांधावर उभा राहून डोकं खाजवत होता.

२० फेब्रुवारी

आजही पाणी. भेग एकसुद्धा नाही. सपाट, काळं, चकचकीत, नोव्हेंबरसारखं. सगळ्या गावाला बोलावून दाखवावं असं वाटलं. बन्सीधर आला होता. मग हळूच म्हणाला, काका, साहेबांना माझ्याकडं खेळायला नेऊ का? तुमचंच नाव सांगेन, तुमच्या क्लबाचं कोर्ट म्हणेन.

काय कपट आहे बघा. माझं नाव सांगणार म्हणे. मी म्हणालो, भीक नको. त्यानं मान हलवली आणि गेला. इतका आनंद मला कित्येक वर्षांत झाला नव्हता.

२१ फेब्रुवारी

सटवाजी म्हणाला, वाफसा न्हाई आला साहेब, आठ दिस तरी पाय घालू नगा. मी म्हणालो, पेरणी नाहीये. म्हणाला, पेरनी असती तर बरं झालं असतं.

रोलर फिरवायला बैल जुंपले, बैल काठावरच थांबले. चाबूक मारला तरी पाय टाकीनात. जनावरच ते. म्हणून वरून बारीक राख आणि वाळू चाळणीनं पसरली. वरून हात लावला तर कोरडं ठणठणीत. काठावरून फळ्या टाकून चुन्याच्या नव्या रेघा आखल्या, या वेळी सरळ. नेट बांधलं. कोपऱ्यातली फरशी लिंबानं घासून घेतली.

सकाळी साहेबांशी बोलायची इंग्रजी वाक्यं पाठ केली. सौ.ला म्हटलं, उद्यापासून आपण सरकारी वकिलाच्या बायको. ती म्हणाली, बघू. तिच्या चेहऱ्यावर काळजी होती. ती मला कधी ओळखूच शकली नाही.

२२ फेब्रुवारी, सकाळी सहा

आजचा दिवस. काळा कोट. नवी टोपी. कोर्ट लांबून पाहिलं, आरशासारखं. हवा छान.

२२ फेब्रुवारी, दुपार

साहेब सात वाजता आले. पांढरी विजार, पांढरा शर्ट, पांढरे बूट. सगळा तालुका जमलेला. मी पाठ केलेली इंग्रजी वाक्यं म्हटली. साहेबांनी कोर्टाकडं पाहिलं, "बहुत खूब" म्हणाले. हे शब्द मी ऐकले, दहा माणसांनी ऐकले, ते कुणी माझ्याकडून काढून घेऊ शकत नाही.

साहेब आत गेले. पहिला पाय ठीक. दुसरा पाय ठीक. तिसऱ्याला वरचं कवच फुटलं आणि पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्यांनी पाय ओढला. पाय आला, बूट आला नाही. मी वाचवायला धावलो. धावायला नको होतं. मी गुडघ्यापर्यंत गेलो आणि आधारासाठी साहेबांचा दंड धरला. साहेब बसले. मीही बसलो. शेजारी शेजारी.

कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट. सटवाजीनं क्लबाच्या दाराची फळी काढून आणली, तिच्यावरून साहेबांना बाहेर घेतलं. साहेबांनी विचारलं, किसने बनाया? त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि फरशी वाचली. उर्दूतली आधी, मग कारकुनाकडून मराठीतलीही वाचून घेतली.

मग म्हणाले, "वकीलसाहब, मिट्टी तो बहुत उम्दा है. इसमें कपास क्यों नहीं बोते?"

बन्सीधर गरम पाणी आणि चपला घेऊन आला होता. म्हणजे त्याला माहीत होतं. त्याच्या परसात साहेब अकरा वाजेपर्यंत खेळले. अख्खं गाव त्याच्या भिंतीवर चढलं होतं. बॉलचा आवाज क्लबापर्यंत येत होता, टप, टप, सारखा एक आवाज, कुठं मऊ नाही, कुठं बसका नाही. सटवाजी साहेबांचा बूट धूत बसला. मी त्याच्याजवळ बसलो. माझे पाय काळे, चिखल वाळून ताठ झालेले. कुठं जावं ते कळेना.

२३ फेब्रुवारी

झाल्या प्रकाराला जबाबदार: (१) सटवाजी. वाफसा म्हणजे काय ते त्यानं नीट समजावून सांगितलं नाही. (२) धुरपताबाई. पाणी पाजायचं तिनंच सुचवलं. (३) आप्पाराव. मातीत खोट असणार. (४) साहेबांचं वजन.

तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला. कुणाला पाठवायची ते सुचेना.

१ मार्च

कमिटी बसली. मला सेक्रेटरीपणातून मोकळं केलं. 'प्रकृतीच्या कारणास्तव' असं मिनिट्समध्ये लिहा म्हणालो, तर तहसीलदारसाहेबांनी विचारलं, काय होतंय? मला सांगता येईना.

काळीचं काय करायचं, यावर अर्धा तास. शेवटी सटवाजीला वाट्यानं द्यायचं ठरलं. काकडी लावणार म्हणाला. ओल चांगली आहे म्हणाला.

१३ मार्च

हुकूम आला. सरकारी वकील, बन्सीधर. त्याचं नाव शुद्ध आणि मोठ्या अक्षरात लिहिलेलं. मी तीन वेळा वाचलं. त्याच्याखाली दुसरं नाव नव्हतं. नसतंच, पण मी बघितलं.

घरी येऊन सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, जेवून घ्या. जेवलो. मग आत जाऊन दार लावलं आणि रडलो. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस रडताना कसा दिसतो हे मला पाहायचं नव्हतं, म्हणून आरसा पालथा घातला.

१५ मार्च

बन्सीधर आला. पेढे घेऊन. मी दार उघडणार नव्हतो, सौ.नं उघडलं. खाली बसला, सतरंजीवर. म्हणाला, काका, जमिनीच्या जुन्या दाव्यांत मोडी कागद आणि फारसी सनदा असतात. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. या भागात ते वाचणारे तुम्हीच. माझ्याबरोबर कामाला याल का?

ठरवलं होतं, हाकलून द्यायचं. तोंडात शब्दही तयार होते, चांगले तिखट. पण त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, मी नीट कान देऊन ऐकला, नव्हताच. आणि हेच मला सहन होईना.

मी म्हणालो, विचार करून सांगतो. एक अट, माझ्यासमोर टेनिसचा विषय नको. म्हणाला, कबूल. सोमवारी दहाला या, म्हणाला.

तो गेल्यावर सौ.नं पेढा माझ्या हातावर ठेवला. खाल्ला. विचार करायला गोड लागतं.

१८ मार्च

त्याला माझी गरज आहे, म्हणून गेलो. मोडी वाचणारा दुसरा आहे कोण तालुक्यात? मी नाही म्हणालो असतो तर सरकारचंच नुकसान झालं असतं.

सौ.नं कोट झटकून दिला. बटण तुटलं होतं, ते काल लावलेलं दिसलं. दहाला बोलावलं होतं. सव्वानऊलाच त्याच्या ओट्यावर जाऊन बसलो. दार बंद होतं. कडी वाजवली नाही.

दहाला निघालो. आजच्या मिसलांची, दाव्यांच्या कागदांची, दोन गाठोडी झाली. तो एक घ्यायला लागला, मी म्हणालो, राहू द्या, सरकारी वकिलानं ओझं नेलेलं बरं दिसत नाही. तो पुढं, मी मागं. अदालतीच्या पायरीवर शिपायानं वाकून सलाम केला. सवयीनं मी हात वर करायला गेलो. दोन्ही हात गाठोड्यांत होते.